हातांनी शिकायचे इंजिनिअरिंग क्लास: पालक आणि मुलं परत परत विचारतात ते प्रश्न

हायस्कूलच्या मुलांच्या बॅचेस घेते, त्यामुळे मेसेज येतच असतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच बसून लिहून टाकलं. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांचे आहेत, खाली खाली आडवेतिडवे येतील. नंबर दिलेत कारण मधे मधे "तो नंबर बघा" असं म्हणणारे.

१. या क्लासमध्ये नक्की करतात काय? रोबोटिक्सचाच क्लास ना हा?

रोबोटिक्स हा त्यातला एक तुकडा. बाकी मोजायला शिकणं, कापणं, भोकं पाडणं, जोडणं, वायरिंग, सोल्डरिंग (धातू वितळवून वायर-पार्टना टाके घालणं), कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं, थोडा कोड, आणि मग हे सगळं जोडल्यावर ते का चालत नाहीये ते शोधणं. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळ खातं. दोन तासांत वस्तू जोडायला चाळीस मिनिटं लागतात आणि उरलेला वेळ मुलं डोकं खाजवत बसलेली असतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय, पण खरा क्लास तोच असतो. या पानावर मी हे बऱ्याचदा बोलणारे, आधीच सांगून ठेवते.

२. हे हल्लीचं फॅड आहे का? आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

फॅड नाही, जुनं आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात मॉस्कोच्या एका तांत्रिक शाळेने अवजारं शिकवायची पद्धत मांडली होती, आधी एकेक अवजार, मग सांधे, मग अख्खी वस्तू, आणि ती बघून अमेरिकेतल्या शाळांनी वर्कशॉप सुरू केले. नवीन काय आहे तर सामान. आर्डुइनो, म्हणजे कोड टाकून दिवे-मोटर चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, २००५ साली इटलीत इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठीच तयार झालं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाथ युनिव्हर्सिटीत रेपरॅप नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला, स्वतःचेच बरेचसे पार्ट छापू शकेल असा थ्रीडी प्रिंटर बनवायचा. २००९ मध्ये त्या प्रकारच्या प्रिंटिंगचं मूळ पेटंट संपलं आणि मग ही मशिनं टेबलावर येऊन बसली.

३. कोणत्या वयात घालायचं? माझा तेराचा आहे, लहान पडेल का?

तेरा एकदम बरोबर. वयापेक्षा मी दोन गोष्टी बघते, बारीक स्क्रू फिरवताना हात स्थिर राहतो का आणि एखादी गोष्ट तिसऱ्यांदा बिघडली तर मूल टेबलावरून उठून जातं का. उठून गेलं तरी घालाच, फक्त पहिला महिना छोट्या छोट्या गोष्टी द्यायच्या, एकाच बैठकीत संपणाऱ्या. सोळा-सतराव्या वर्षी पहिल्यांदा आलं तरी काही बिघडत नाही, उलट ती मुलं वेगाने पुढे जातात कारण फिजिक्समध्ये करंट शिकून झालेला असतो, फक्त कुठे बघितलेला नसतो.

४. कोडिंग अजिबात येत नाही, चालेल?

चालेल. पहिला कोड दिवा लावायचा आणि बंद करायचा, पाच-सहा ओळी. ज्यांना कोडिंग आधीच येतं त्यांचीच कधी कधी जास्त पंचाईत होते, त्यांना वाटतं चूक कोडमध्येच आहे आणि वायर निघालेली असते.

५. आणि गणित कच्चं असेल तर?

भागाकार आणि एकक. एवढं पुरतं सुरुवातीला. उदाहरण देते, लाल एलईडी ५ व्होल्टवर लावायचाय, त्याच्यावर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ३, करंट हवाय १५ मिलिअँपिअर, तर ३ भागिले ०.०१५ म्हणजे २०० ओहम. २०० चा रेझिस्टर (करंट अडवून कमी करणारा पार्ट) डब्यात नसतो, २२० चा असतो, तो लावा. झालं गणित. ओहमचा नियम वहीत दहा वेळा लिहिलेली मुलगी पहिल्यांदा हे करते आणि विचारते "मॅडम मग २२० लावला तर उत्तर चुकलं ना?" आणि मग तिला कळतं की इथे उत्तराला रेंज असते. एककांबाबत मात्र मी चिडते. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचल्यावर हातचं गेलं कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये समजून घेतले. त्यामुळे आमच्याकडे एकक न लिहिलेला आकडा म्हणजे कोरा कागद.

६. आर्डुइनो, मायक्रोबिट, रास्पबेरी पाय, ईएसपी३२, नक्की काय घ्यायचं? डोकं फिरलंय.

पहिल्यांदाच करताय आणि वय तेरा-चौदा, तर मायक्रोबिट किंवा आर्डुइनो उनो हा बोर्ड. मायक्रोबिटवर २५ छोटे दिवे, दोन बटणं, हलवलेलं ओळखणारा सेन्सर हे सगळं आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी वायर न लावता काहीतरी होतं. उनोवर जवळजवळ काहीच बसवलेलं नसतं आणि म्हणूनच मला तो आवडतो, सगळं स्वतः जोडावं लागतं, आणि ५ व्होल्टवर चालतो, बऱ्यापैकी दणकट, मुलांच्या हातून उलटसुलट जोडला गेला तरी पुष्कळदा जगतो. ईएसपी३२ मध्ये वायफाय आहे, तो दुसऱ्या टप्प्यावर घ्या. रास्पबेरी पाय हा खरं तर अख्खा छोटा कॉम्प्युटर आहे, कॅमेरा किंवा स्क्रीनचं काम असेल तरच, नुसती मोटर फिरवायला तो घेणं म्हणजे मुंगीवर तोफ.

एक मेख आहे. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय यांच्या पिना (वायर जोडायच्या जागा) ३.३ व्होल्टच्या. उनोसाठी घेतलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाने अंतर मोजणारा) तसाच तिकडे लावला तर तो ५ व्होल्ट परत पाठवतो आणि पिन जाऊ शकते. मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरची जोडी लावून व्होल्टेज खाली आणतात. नेटवरच्या चित्रात हे नसतं बरेचदा.

७. घरी किट आणून दिलं तर क्लास लागतोच का?

मूल चिकाटीचं असेल तर नाही लागत, खरंच. पण किटची एक गोची असते, त्यात सगळं मापात दिलेलं असतं, भोकं पाडलेली, वायर कापलेल्या, पुस्तकात बघून जोडलं की चालतं, आणि चाललं की मूल ते कपाटात ठेवतं. क्लासचा उपयोग दोन गोष्टींना, एक म्हणजे मोठी अवजारं आणि ती वापरताना शेजारी उभं राहणारं कुणीतरी, आणि दुसरं म्हणजे शेजारच्या टेबलावरची चूक बघायला मिळणं. घरी फक्त स्वतःच्याच चुका बघायला मिळतात. किट घरात पडलेलंच असेल तर त्याला एकदा पुस्तकाप्रमाणे बनवू द्या आणि मग एक पार्ट लपवून ठेवा.

८. क्लास चांगला आहे का हे कसं ओळखायचं? सगळ्यांच्या फोटोत रोबोटच दिसतात.

फोटो बघू नका, कचऱ्याचा डबा बघा. मी गंमत करत नाहीये. जिथे काम होतं तिथे वाकड्या कापलेल्या पट्ट्या, अर्धे छापलेले पार्ट, तुटलेल्या वायर पडलेल्या असतात. सगळं चकाचक आणि दहा मुलांचे दहा रोबोट हुबेहूब सारखे असतील तर समजा सरांनी जोडलेत आणि मुलांनी स्टिकर लावलेत.

डेमोच्या दिवशी जाऊन अजून काही गोष्टी बघा. मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) किती आहेत आणि कुणाच्या हातात आहेत, एकच असेल आणि तो टीचरच्या खिशात असेल तर मुलांना बिघाड शोधू देत नाहीत. मुलाने हात वर करून "चालत नाहीये" म्हटल्यावर शिकवणारा काय करतो, वायर स्वतः ओढून नीट करतो की "तू काय काय तपासलंस?" विचारतो. हा दुसरा प्रकार वेळखाऊ आहे आणि पालकांना त्याचा राग पण येतो, पण तोच हवा. एका शिक्षकामागे किती मुलं हेही विचारा, सोल्डरिंगच्या दिवशी आठ-दहाच्या वर मला स्वतःला झेपत नाहीत. प्रथमोपचाराची पेटी आणि मेन स्विच कुठे आहे हे तिथल्या एखाद्या मुलाला विचारा. शिक्षकाला नाही, मुलाला.

९. क्लासमध्ये चालत होतं, घरी आणलं की चालत नाही. असं का होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच! आणि दहातल्या आठ वेळा उत्तर बॅटरी.

क्लासमध्ये बोर्ड आणि मोटर टेबलावरच्या चांगल्या सप्लायवर असतात. घरी मूल ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावतं. आकडा मोठा दिसतो म्हणून ती ताकदवान वाटते, पण ती स्मोक अलार्मसारख्या थोडाथोडा करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी आहे, आतला रेझिस्टन्स जास्त, मोटरने एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रिसेट होतो, परत चालू होतो, परत मोटर ओढते, परत रिसेट. बाहेरून दिसतं काय, तर गाडी जागच्या जागी उचक्या देते. मोटरसाठी चार एए सेलचा पॅक घ्या आणि बोर्डला वेगळी पॉवर द्या, आणि दोन्हीची ग्राउंड (मायनसची) वायर एकमेकांना जोडा. ही ग्राउंड जोडायची राहते आणि मग सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) वेड्यासारखी थरथरते.

कारण बॅटरी नसेल तर ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायर खोचायची भोकांची पाटी. दप्तरातून येताना एखादी वायर अर्धी वर आलेली असते, डोळ्याला दिसत नाही. एकेक वायर बोटाने दाबत जा. मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेची लाल-निळी पट्टी कधी कधी मधोमध तुटक असते, म्हणजे डावीकडे पॉवर दिली तरी उजवीकडे नसते, ते मल्टीमीटरच्या बीपने कळतं.

मागच्या बॅचमध्ये एक मुलगा शनिवारी रडवेला होऊन आला, सगळं बदललं म्हणाला, बोर्ड बदलला केबल बदलली कोड तीनदा टाकला. मी नुसतं म्हटलं मोटरला बोट लाव. लावलं तर चाकाच्या दांड्यावर कार्पेटचा धागा गुंडाळलेला. आता तो कुठल्याही बिघाडाची सुरुवात आधी हाताने चाक फिरवून करतो.

१०. करवत, ड्रिल, गरम सोल्डरिंग आयर्न… सेफ आहे का हे?

नियम पाळले तर आहे, आणि पाळले जातात का हे तुम्ही जाऊन बघू शकता. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांनी, बघायला आलेल्या पालकांनीसुद्धा. केस बांधलेले, बाह्या वर, ओढणी किंवा आयडी कार्डची दोरी गळ्यात नको. ड्रिल करताना वस्तू हातात धरायची नाही, शिकंज्यात आवळायची, नाहीतर ड्रिल अडकलं की पत्राच गरागरा फिरतो. ड्रिलचं टोक आवळणाऱ्या चकची चावी काढल्याशिवाय मशिन चालू नाही.

लेझर कटर असेल तर एकच प्रश्न विचारा, पीव्हीसी कापता का? उत्तर ठाम "नाही" यायला हवं. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, फुप्फुसांना वाईट आणि मशिनही गंजवतो. आणि लेझर चालू असताना माणसाने खोलीतून हलायचं नाही, आग लागू शकते.

११. मग काळजी म्हणून हातमोजे घालून पाठवू का?

नको! विचारलंत ते बरं केलंत. ड्रिल, लेथ, फिरणारं काहीही असेल तिथे हातमोजा धोक्याचा, कापड अडकतं आणि हात आत ओढला जातो, नुसत्या बोटाला खरचटलं असतं तिथे मोठी इजा होते. धारदार पत्रा नुसता उचलून ठेवताना हातमोजे घालायचे, मशिनपाशी जायच्या आधी काढायचे. चप्पल नको, पुढून बंद असलेले बूट हवेत.

१२. सोल्डरमध्ये शिसं असतं ना? मुलांनी तो धूर घ्यायचा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास असतं, शिसं उकळतं १७०० अंशांच्या वर, त्यामुळे धुरात शिसं जवळजवळ नसतं, तो धूर फ्लक्सचा (टाका नीट बसावा म्हणून सोल्डरमध्ये असलेल्या राळेचा) असतो. पण म्हणून तो चांगला असं नाही, राळेचा धूर छातीला त्रास देतो, दमा असलेल्या मुलांना जास्तच, तेव्हा पंखा किंवा धूर ओढणारं यंत्र हवं आणि डोकं बरोबर त्या धुराच्या वर धरायचं नाही. मुलाला दमा असेल तर आधी सांगा, लपवू नका.

शिसं पोटात जातं ते बोटांवरून. म्हणून सोल्डरिंगच्या टेबलावर खाणंपिणं बंद आणि नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं. बिनशिशाचं सोल्डरही मिळतं, मुलांसाठी मी तेच वापरते, फक्त शिशाचं १८३ अंशांच्या आसपास वितळतं तर हे २१७ च्या पुढे, त्यामुळे हात बसायला जरा जास्त दिवस लागतात आणि सुरुवातीचे टाके मातकट, गोळा गोळा दिसतात. दिसू देत.

१३. थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे फाइल डाउनलोड करून बटण दाबणं, यात शिक्षण कुठाय?

तेवढंच करत असतील तर नाहीच आहे, मान्य. स्वतः डिझाइन काढायला लावलं की मजा सुरू होते. १० मिलिमीटरची दांडी आणि १० मिलिमीटरचं भोक, कॉम्प्युटरवर एकदम फिट, छापून आणलं तर आत जातच नाही, कारण भोक छापताना थोडं लहान होतं. मग ०.२-०.३ मिलिमीटर मोकळी जागा सोडायची हे कळतं, ते वाचून कळत नाही, कानस घेऊन अर्धा तास घासल्यावर कळतं.

दुसरा धडा हुकचा. प्रत्येक बॅचला मी भिंतीवरचा हुक छापायला सांगते, बहुतेक जण उभा छापतात आणि पिशवी अडकवली की तो थरांच्या रेषेवरून कट्कन तुटतो, कारण थर एकमेकांना नुसते चिकटलेले असतात. तोच हुक आडवा झोपवून छापला की वजन घेतो. डिझाइन तेच, प्लास्टिक तेच. आणि हो, पीएलएचा (प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा) पार्ट उन्हात बंद गाडीत ठेवू नका, ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, एकाचा फोन होल्डर कुल्फीसारखा ओघळला होता.

१४. मूल कोड एआयकडून लिहून घेतं. चालू द्यायचं का?

माझं मत, कोड घेऊ दे, पण प्रत्येक ओळ काय करते हे मला सांगता आलं पाहिजे आणि मी एक आकडा बदलल्यावर काय होईल ते आधी सांगता आलं पाहिजे. तसंही एआयला टेबलावरची सुटलेली वायर दिसत नाही. बटण दाबलेलं नसताना आपोआप दाबल्यासारखं वागतंय, असा एक नेहमीचा बिघाड आहे, पिन मोकळी लटकलेली असते आणि तिला पुल-अप (पिनेला व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर) दिलेला नसतो, मुलं त्यासाठी पाच-पाच वेळा नवा कोड मागवतात आणि कोडमधल्या इनपुट या एका शब्दापुढे पुलअप जोडायचा असतो किंवा एक रेझिस्टर लावायचा असतो.

१५. ऑनलाइन क्लास आणि सिम्युलेटर चालतो का? आमच्या जवळ वर्कशॉप नाही.

सर्किट आणि कोडची सुरुवात टिंकरकॅड किंवा वोकवी या सिम्युलेटरवर (स्क्रीनवरच खोटं सर्किट जोडायच्या साइटवर) छान होते, फुकट आहे, काही जळत नाही. पण सिम्युलेटरमध्ये वायर कधी सैल नसते आणि बॅटरी कधी उतरत नाही, म्हणजे नऊ नंबरचं सगळं त्यात नाहीच. दोन महिने सिम्युलेटर, मग खरा बोर्ड आणि एक मल्टीमीटर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मल्टीमीटर आधी.

१६. माझ्या मुलीच्या ग्रुपमध्ये ती एकटीच मुलगी आहे, तिला नुसतं लिहायला बसवतात.

हे होतं, फार होतं, आणि मुद्दाम कुणी करत नाही म्हणून ते जास्त टिकतं. एक जण कीबोर्ड पकडतो, दुसरा स्क्रू ड्रायव्हर, उरलेल्याच्या हातात वही. शांत मुलांचंही असंच होतं. क्लासला स्पष्ट सांगा की कामं घड्याळ लावून फिरली पाहिजेत, मी वीस मिनिटांनी फिरवते. ग्रुप दोघांचा असेल तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. विचारूनही फिरवत नसतील तर क्लास बदला, यात थांबण्यासारखं काही नाही.

१७. मुलाला रंग ओळखता येत नाहीत, वायरिंग कसं जमेल?

जमतं. रंगांधळेपणा मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त असतो, आणि पुष्कळांना तो रेझिस्टरचे पट्टे वाचतानाच पहिल्यांदा कळतो! पट्टे वाचायचेच नाहीत, मल्टीमीटरने मोजायचं आणि कागदी पट्टी चिकटवून डब्यात ठेवायचं. वायरला टोकाला नंबर लावायचे. खरं सांगू, डोळे चांगले असलेल्यांनीही हेच करावं, निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तपकिरी कुठला आणि लाल कुठला हे मलाही कळत नाही.

१८. तीन महिने झाले, घरी दाखवण्यासारखं काहीच आणलं नाही. पैसे वाया गेले का?

वही बघा. तारीख, काय बिघडलं, काय तपासलं, काय निघालं, असं लिहिलेलं असेल तर वाया गेलेले नाहीत, आणि पुढे कॉलेजच्या अर्जात किंवा मुलाखतीत दाखवायला चमकदार मॉडेलच्या फोटोपेक्षा ही वहीच कामाला येते, कारण समोरचा खोदून विचारतो आणि बनवलेलं असेल तरच उत्तर येतं. राइट बंधूंचं १९०१ चं ग्लायडर हिशेबाने उचलायला हवं होतं तेवढं उचलेना, तेव्हा त्यांनी घरी विंड टनेल बनवून दोनशेच्या आसपास छोट्या पंखांचे आकार तपासले. ते वर्ष त्यांच्याकडेही दाखवायला फार काही नव्हतं.

वही कोरी असेल आणि वस्तूही नसेल, तर मात्र क्लासमध्ये जाऊन आठ नंबरमधल्या गोष्टी बघून या.

१९. क्लासमधून ड्रोनची लिपो बॅटरी घरी आणलीये, चार्ज करू देऊ का?

मूल एकटं असताना नाही आणि रात्री झोपताना तर मुळीच नाही. लिपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) चार्जर वेगळा असतो, सगळे सेल सारखे भरणारा, फोनचा चार्जर तारा जोडून लावायचा नाही. एक सेल भरला की ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. फुगलेली, दबलेली, पडून चेपलेली बॅटरी चार्ज करायची नाही, वापरायची नाही, टोचून बघायची तर नाहीच. ती क्लासमध्ये परत पाठवा, पण दप्तरात किल्ल्या आणि कंपासबरोबर नको, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात, आणि शिक्षकांना आधी फोन करून.